पाटावरची हाक

मी चिकाना आहे. हे वाक्य मला इतकं आवडतं की सकाळी दात घासतानासुद्धा मी ते आरशाला ऐकवते. इतिहासाच्या बाईंनी वर्गात तो शब्द सांगितला. मुळं मेक्सिकोत, वाढ इथल्या, अमेरिकेच्या मातीत आणि भीती कुणाच्या बापाची नाही. ऐकल्याबरोबर मला वाटलं, अरेच्चा, ही तर मी! पंधरा वर्षं मी चिठ्ठी न लावलेल्या बरणीसारखी फडताळात पडून होते म्हणायची.

साहजिकच रविवारच्या जेवणात मी ते सगळ्यांना जाहीर केलं. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

"चिकाना?" आत्याआजीनं चमचा खाली ठेवला. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची बहीण, सेनाइदा. केस कायम घट्ट बांधलेले, आणि पाठ अशी ताठ की खुर्चीला टेकली तर खुर्चीनं माफी मागावी. "भिंती रंगवत हिंडणाऱ्या पोरांचे शब्द आहेत ते. आपण स्पॅनिश, बेलेन. आपले लोक न्यू मेक्सिकोत आले तेव्हा अमेरिका पाळण्यातसुद्धा नव्हती."

"आणि वाटेत मेक्सिको लागलाच नाही वाटतं," आई म्हणाली. "उडत आले असतील."

"तुझं वेगळं आहे, अम्पारो. तू सीमेपलीकडची."

"आहेच मी पलीकडची. चिवावाची. मेक्सिकन. तोंड भरून म्हणते. तुमचेच दात दुखतात तो शब्द म्हणताना."

"कुणी जरा मिरचीचा रस्सा इकडे सरकवेल का?" बाबा म्हणाले. बाबांना कुणी विचारलं, तुम्ही कोण, तर ते सांगतात, गवंडी.

टेबलाच्या टोकाला माझी धाकटी बहीण चायो स्वतःचं चित्र रंगवत बसली होती. शाळेतून सांगितलं होतं, चित्राखाली लिहा, मी कोण.

"मग मी काय लिहू?" तिनं विचारलं.

आम्ही तिघी एकदम बोललो. तीन उत्तरं, तीन आवाज, आणि सगळ्यात मोठा माझा. चायोनं खडू ठेवला आणि ती मागच्या दारानं निघून गेली. आमचं भांडण इतकं रंगात आलं होतं की कुणाचं लक्षच गेलं नाही.

ती परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. खालच्या पाटावर गेली होती. त्या पाटानं आमच्या मिरच्यांना आणि मक्याला पाणी मिळतं. तिचे डोळे उघडे होते, पण त्यांत कुणी नव्हतं. घरात दिवा आहे, माणूस नाही, तसे.

"पाण्यातल्या बाईनं विचारलं, तू कोणाची गं," ती म्हणाली. "मी म्हटलं, माहीत नाही."

त्यानंतर ती बोललीच नाही. घास तोंडात ठेवला तर तो तसाच राहायचा. हात उचलून धरला तर हवेत तसाच.

आता, आमच्या गावात हा प्रश्न कुणीही विचारतं. रस्त्यात म्हातारी माणसं पोरांना अडवतात, "तू कोणाची गं?", आणि आपण धडाधड सांगायचं: फिदेलची, अम्पारोची, आजोबा अमुक, पणजोबा तमुक. मग म्हातारी मान हलवते, गालाचा मुका घेते आणि सोडून देते. चायोला हे उत्तर चालायला लागायच्या आधीपासून पाठ होतं. पण त्या दुपारी तिला वाटलं, ही बाईही आमच्यासारखंच विचारतेय. स्पॅनिश की मेक्सिकन की आणखी काय. बिचारी खरं बोलली.

आईनं क्लोतिल्देबाईंना बोलावलं. गावात कुणाची दृष्ट काढायची तर त्याच. त्यांनी सतापाची जुडी चायोच्या अंगावरून फिरवली, अंडं उतरवलं, ते पेल्यातल्या पाण्यात फोडलं आणि बराच वेळ पाहत राहिल्या.

"पोर घाबरलीय. जीव पाटावरच राहिलाय," त्या म्हणाल्या. "अंधार पडायच्या आत तिथून हाक मारून आणायला हवा. तिचा अंगातला झगा द्या. नुसतं नाव घ्यायचं. नावापुढे नाही, नावामागे नाही, एक शब्द जास्त बोलायचा नाही. आणि 'आले' म्हणायचं ते फक्त तिनं. दुसऱ्या कुणी ओ दिली तर मी जबाबदार नाही."

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा आम्ही पाटावर होतो. चायोला घोंगडीत गुंडाळून बाबा काठावर बसले होते. क्लोतिल्देबाई झगा मातीवरून ओढत पाण्याकडून आमच्याकडे येत होत्या. "चायो. चायो."

पाणी वाहत होतं. बाकी काही नाही.

"चायो," आई रडत म्हणाली. आणि मग तिच्यानं राहवलं नाही. "ये गं माझ्या मेक्सिकन पोरी!"

"आले," पाटातून आवाज आला.

एक नव्हे, कितीतरी. बायकांचे, पुरुषांचे, खोकणाऱ्या एका म्हाताऱ्याचा. काठावरच्या मऊ मातीत ओली पावलं उमटायला लागली. वर कुणीच नव्हतं, नुसती पावलं.

"बघितलंस? भलत्याच नावानं बोलावलंस!" आत्याआजी ओरडली. "चायो! आपण स्पॅनिश आहोत, बाळा, इकडे ये!"

"आले, आले." हे गळे फार जुने होते, कोरड्या कणसासारखे. आणखी पावलं.

आता खरं तर मी गप्प बसायला हवं होतं. पण मला वाटलं, माझा शब्द नवा आहे, त्याला कोण ओ देणार? मी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले, "चायो! चिकाना!"

"आले," एक मुलगी म्हणाली. माझ्या कानाशी. माझ्याच आवाजात.

"तोंडं बंद करा!" क्लोतिल्देबाई फुत्कारल्या. "पोरीला बोलावताय की अख्ख्या पंचक्रोशीला? एवढी माणसं आली. आता त्या गर्दीतून ती एवढीशी पोर वाट कशी काढेल?"

पावलं आमच्याभोवती येऊन थांबली. ओल्या लोकरीचा वास आला. कुणीतरी आईला विचारलं, "तू कोणाची गं?" तिनं सांगितलं. रेमिहिओची, हसिंताची. थोडी पावलं वळली आणि पाण्यात उतरली. मग मला. खरं सांगते, माझा आवाज उंदरासारखा निघाला, पण मी सगळी नावं घेतली. आणखी पावलं गेली. बाबांचंही झालं.

शेवटी एकच जोडी उरली. अनवाणी, लहान पावलं, बाईची. ती आत्याआजीसमोर उभी होती.

"तू कोणाची गं?"

आत्याआजीनं आपल्या वडिलांचं नाव घेतलं. त्यांच्या वडिलांचं घेतलं. स्पेनहून आलेल्या कुणा कप्तानाचंही घेतलं. पावलं हलेनात.

"आईचं नाव, बाई," क्लोतिल्देबाई हलकेच म्हणाल्या. "पोर तिच्या पदराआड आहे. आईचं नाव सांगा."

मी ते नाव कधीच ऐकलं नव्हतं. घरात या पणजीचा फोटो नाही. आम्हाला एवढंच माहीत की ती चांगल्या घरातली होती आणि लवकर गेली.

"पेत्रा," आत्याआजी म्हणाली. तिची पाठ वाकली. मी पहिल्यांदाच वाकलेली पाहिली. "पेत्राची. मेक्सिकोतून, सकातेकासहून आली होती. वडिलांच्या घरचे कपडे धुवायची. इथेच. वडिलांनी तिच्याशी लग्न केलं तरी काकूंनी तिला टेबलाशी बसू दिलं नाही. पूर आला त्या दिवशीही ती इथेच धूत होती. मी काठावर होते. मेक्सिकन मोलकरीण बुडाली, असंच सगळ्यांना सांगायचं, असं काकूंनी मला बजावलं. मी तसंच सांगितलं. सहा वर्षांची होते गं मी."

मग पाण्यातून एक बाई अगदी घरातल्यासारखं म्हणाली, जेवायला बोलवावं तसं:

"सेनाइदा."

क्लोतिल्देबाई धावल्या, पण उशीर झाला होता.

"आले, आई," आत्याआजी म्हणाली.

त्याच क्षणी घोंगडीतून चायोनं डोकं बाहेर काढलं. "आले! बाबा, तुम्ही मला का आवळताय? मला भूक लागलीय."

आई तिच्यावर झेपावली. ती हसत होती, रडत होती, सगळं एकदम. मीही. आत्याआजी काठावर तशीच उभी होती. तिचे डोळे उघडे होते, आणि त्यांत कुणी नव्हतं.

आता रोज संध्याकाळी मी तिची काळी शाल घेऊन पाटावर जाते. मातीवरून ओढत हाका मारते. नुसतं नाव, दुसरा शब्द नाही. माझा शब्द मला अजून आवडतो, पण तो मी आरशापुरता ठेवलाय. आई घरी आत्याआजीला चमच्यानं भरवते, केस विंचरते, "गिळा हो आत्याबाई, मेक्सिकन हातचं आहे," असं म्हणत डोळे पुसते.

पाण्यातून ओ येत नाही. कपडे दगडावर आपटल्याचा आवाज येतो आणि दोघींचं हसू. एक मोठी बाई, एक जेमतेम सहा वर्षांची मुलगी. इतकी खुशीत हसते की मला हाक मारायचा धीर होत नाही. काल मी शाल खांद्यावर टाकली आणि तिथंच बसून नुसतं ऐकत राहिले.