एकशे बाराव्या पानावरची बांगडी

"अप्पा, खिसा बघा की! समदी शाई गळली!"

शिवलीलानं कॉलेजच्या फाटकाशी स्कूटी थांबवली, तेव्हा गौरीशंकरांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर बोराएवढा काळा डाग पडला होता. कडक इस्त्रीचा शर्ट. दुसरा कुणी हळहळला असता. यांनी मात्र आधी पेन कानाशी हलवून पाहिलं.

"ऱ्हायलीय गं अजून. एका बांगडीपुरती लई झाली."

धाराशिवात त्यांनी चाळीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवलं होतं. आज कॉलेजात कृष्णराज सरांचा गौरव होता. संमिश्र विश्लेषण आणि गणिती भौतिकी या विषयांत सरांनी हयात घालवली, देशोदेशी नाव काढलं. पण त्यांचा पहिला प्रबंध टाइप झाला तो गौरीशंकरांच्या दुकानात. तेव्हा सर इथंच नवखे प्राध्यापक होते.

टाइपरायटरवर गणिताच्या खुणा नसत. गौरीशंकर तेवढी जागा सोडून टाइप करायचे आणि त्यांची बायको नीलम्मा पाचही प्रतींत पेनानं त्या जागा भरायची. बाई चौथी शिकलेली, पण खूण अशी काढायची की छापलीय म्हणावं. त्यातली एक तर शेकडो वेळा यायची: चिंचा ओढायच्या आकडीसारखी लांब वाकडी रेघ आणि तिच्या मधोमध गोल. नीलम्मानं त्या गोलाला बांगडी नाव ठेवलं होतं. शाई वाळल्याशिवाय ती पान उलटू द्यायची नाही. गौरीशंकरांनी घाई केली की हात धरायची, "वाळू द्या की जरा!"

पाचव्या प्रतीचं एकशे बारावं पान चालू होतं आणि तिला कळा सुरू झाल्या. आकडी काढून झाली होती, बांगडी राहिली. दुकानातून थेट दवाखाना, आणि शिवलीला झाली. राहिलेली बांगडी नीलम्माला आठवली ती बाराव्या दिवशी. तोवर सर प्रबंध बांधून घेऊन परमुलखात नोकरीला निघूनही गेले होते.

पुढं घरात काहीही राहिलं, भाजीत मीठ राहो नाहीतर दाराची कडी, नीलम्मा आपणच हसायची, "झालं, एकशे बारा!" तीन वर्षांपूर्वी ती गेली. जाण्याआधी आपलं पेन नवऱ्याच्या हातात देऊन म्हणाली होती, "सर कवा इकडं आले, तर तेवढी बांगडी भरून द्या. बरं न्हाय दिसत तसं." गौरीशंकर आज आले होते ते त्यासाठी. हारतुऱ्यांशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं.

सभागृह गच्च भरलं होतं. सर मूळचे परंड्याचे, बोलायला उभे राहिले ते थेट गावातच शिरले.

"आमच्या परंड्याचा किल्ला घ्या. आत पाऊल न टाकता भोवतीनं एक पुरा फेरा मारायचा आणि आत काय दडलंय ते सांगायचं. माझं गणित म्हणजे हेच. हा गोल दिसतोय ना? तो आपला फेरा."

मागं पडद्यावर जुन्या प्रबंधाचं एक पान झळकत होतं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

"तुझ्या अव्वाचा हात हाय त्यो," गौरीशंकर लेकीच्या कानात म्हणाले. पुढचं त्यांना दिसेना. डोळे भरून आले होते.

कार्यक्रम संपला, गर्दी चहाकडे वळली. प्रदर्शनाच्या टेबलावर सरांची स्वतःची प्रत होती, तीच पाचवी. गौरीशंकरांनी एकशे बारावं पान काढलं. आकडी तशीच मोकळी होती. त्यांनी पेनाचं टोपण काढलं मात्र, टेबलापाशी बसलेली मुलगी ओरडली, "ओ आजोबा! त्यात लिहायचं नसतं!"

"लिहत न्हाय बाई. ऱ्हायलेलं भरतोय."

आरडाओरड ऐकून सर स्वतःच शाल सावरत आले. आधी त्यांना शर्टावरचा डाग दिसला, मग चेहरा.

"गौरीशंकरअप्पा! अजून शाई सांडताच का?" त्यांनी हसत मिठीच मारली. मग उघडं पान पाहिलं. "हे होय! मी कितीदा पेन उघडलं असंल. पण माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. वहिनींच्या ओळीत माझा गोल शोभंना. म्हटलं, त्यांच्याकडूनच भरून घेऊ. कुठायत त्या?"

"तीन वर्षं झाली, सर."

सर खुर्चीत बसले. उघडी प्रत त्यांनी गौरीशंकरांपुढं सरकवली. मग म्हणाले, "आता तुम्हीच भरा."

गौरीशंकरांनी निब पानाजवळ नेली. पण लगेच हात मागं घेतला आणि पेन शिवलीलापुढं धरलं.

"जिच्यापायी ऱ्हायली, तिनंच भरावी."

"अप्पा, मला कुठं गणित येतंय?"

"तुझ्या अव्वाला तरी कुठं येत हुतं?"

रोज सकाळी दारात रांगोळी घालणारा हात होता तो. शिवलीलानं श्वास रोखला आणि एका फेऱ्यात गोल पुरा केला. आधीच्या शेकडो बांगड्यांत तो ओळखूही येईना.

तिकडून फोटोवाले सरांना हाका मारू लागले. सर चष्मा पुसत उठले आणि पुस्तक मिटायला त्यांनी हात पुढं केला.

गौरीशंकरांनी तो धरला.

"वाळू द्या की जरा."