साच्यावरचा पोचा

बर्गरमधली शिजलेली पॅटी पावाच्या कडेपासून करंगळीच्या नखाएवढी आत राहत होती. चारी बाजूंनी सारखीच. एकाच बाजूला कमी असती, तर हात वाकडा पडला म्हणून तिने सोडून दिलं असतं.

खिमा तापला की आक्रसतो, म्हणून तिने आधी आच कमी केली. मग खाटकाला चरबी कमी घालायला सांगितलं. शेवटी पावच मोठे येत असतील म्हणून बेकरीवाल्याला हटकलं. तो हसतच सुटला. "मोठे? या महागाईत? वहिनी, झोप पुरी होते ना?"

पॅटी थापायच्या साच्याची शंका मात्र तिला आली नाही. पत्र्याचं ते कडं दुकान उघडलं तेव्हा तिनेच आणलं होतं, आणि तिच्याच हातून पडून त्याला पोचाही आला होता.

तेल, गॅस, पाव, सगळ्याला आग लागली होती. समोरच्या चकाचक बर्गरवाल्याने पाटीवरचे आकडे कधीच बदलले होते. परदेशातली धाकटी बहीण फोनवर म्हणायची, "ताई, इकडे तरी वेगळं काय? पाकीट तेवढंच, भाव वाढलेला, आणि उघडावं तर निम्मी हवा!" पण नवऱ्याने भाव वाढवायचा विषय काढला, की ही म्हणायची, "पुढच्या महिन्यात बघू." बस डेपोतली माणसं तिच्या भरवशावर डबा आणत नसत. त्यांना तोंडावर भाव वाढवून सांगायचा, तर तिची जीभ उचलत नसे.

गेल्या आठवड्यात एका ड्रायव्हरने पाव उचलून आत डोकावलं. "वहिनी, डाएटवर आहे का ही?"

रांगेत हशा पिकला.

"तिला कशाला? तुम्ही करा. पोट स्टिअरिंगला टेकलंय."

"थट्टा नाही. लहान झालीय."

तिला ते झोंबलं. "लेकीची शपथ घेऊन सांगते भाऊ, तीळभर कमी केलेलं नाही."

ड्रायव्हरने कान पकडले. शेजारी नवरा कट्टा पुसत होता. पुसून झालेला कट्टा त्याने पुन्हा पुसायला घेतला.

आज दुपारी तो गॅसची टाकी आणायला गेला आणि पॅटीखालचे कागद संपले. ते कापायचं काम त्याचं. तिने कपाटामागून पुठ्ठ्याची जुनी चकती काढली. पहिल्या वर्षी साचा ठेवूनच तिने ती आखली होती. चकतीवरून कागद कापला, तर तो साच्यात बसेना. दुसराही बसेना. मग तिने चकतीच साच्यावर ठेवली. ती चहूकडून बाहेर आली.

साचा फिरवून पाहिला. पोचा होता, जागच्या जागी. पण त्यातला पत्रा नवा चकाकत होता आणि मधोमध हातोडीच्या कडेची रेघ उमटली होती. फरशीवर पडून असा पोचा येत नाही.

साचा बदलला, हे एक वेळ ठीक. पण त्याने बसून पोचा ठोकला होता. जुन्यासारखाच, तिला कळू नये म्हणून.

नवऱ्याने टाकी खाली ठेवली, तेव्हा तिने साचा पुढे धरला. "अहो, हा पोचा कुणी पाडला?"

तो टाकीकडेच बघत राहिला. "भाव वाढवू म्हटलं की तू ऐकायची नाहीस. दुकान काय वाऱ्यावर चालवायचं?"

"म्हणून मला फसवलंत?"

"तुला कुठे गं! तुला त्रास नको म्हणून..."

"आणि मी लेकीची शपथ घेतली, तेव्हा?"

"रांग होती गं."

रांग होती. एवढंच होतं त्याच्याकडे. माझा नवरा कधी खोटं बोलत नाही, असं ती बहिणीला अभिमानाने सांगायची. तो आताही खोटं बोलला नव्हता. त्याने ते तिच्या तोंडून वदवून घेतलं होतं.

डेपोतली पाळी सुटली. माणसं आली. पुढे तोच ड्रायव्हर. "नेहमीचं, वहिनी."

तिने साचा बाजूला सारला. खिम्याचा गोळा तळहातावर घेतला आणि पावापेक्षा बोटभर मोठा थापला.

"अगं, आत्ता नको," मागून नवरा पुटपुटला.

तिने वळून पाहिलं नाही.

"भाऊ, त्या दिवशीची माझी शपथ खोटी होती. मला माहीत नव्हतं, पण खोटीच. पॅटी आता पहिल्याएवढी मिळेल." तिने पॅटी तव्यावर टाकली. "आणि आजपासून भाव वाढला."