लांब पोळीचा फोटो

आम्रपालीचं डोकं सकाळपासूनच सटकलं होतं. मराठी मंडळाच्या ‘आपली विविधता’ कार्यक्रमात तिच्या आईला, रुक्माला, अंगणात चूल मांडून बसवलं होतं. उपड्या माठावर लांब पोळी भाजून दाखवायची म्हणे! सैल कणीक हातांवर झुलवत रुक्माने कोपरापर्यंत ताणली की चहूकडून मोबाईल बाहेर निघायचे. वा वा, क्या बात है! पन्नासेक फोटो निघाले, पण पोळीचा तुकडा एकानेही तोडला नाही. टोपली काठोकाठ भरलेली, आणि मंडळी आत आचाऱ्याची पुरी-भाजी हादडत होती.

जेवणानंतर आम्रपालीचा तास होता. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये ती कामगारांना गोल बसवून जातीपातीवर, भाषेवर, बाई-पुरुषावर मोकळेपणानं बोलतं करायची. तेच इथे कर, असं अध्यक्ष शालिकराम म्हणाले होते. नियम दोनच. तिचं पिवळं हेल्मेट ज्याच्या हातात, त्यानेच बोलायचं, आणि खोटं बोलायचं नाही.

हेल्मेट फिरलं. “आपल्या भिलाईत जात-बित कोण पाह्यते?” “हम सब एक हैं भई!” जो तो हेच म्हणत होता आणि वर टाळ्या घेत होता. आम्रपालीच्या अंगाची लाहीलाही होत होती. पण तास घेणाऱ्याने आपलं मत मध्ये घुसवायचं नसतं, म्हणून ती दात आवळून बसली.

हेल्मेट मथुराबाईकडे आलं. शेजारच्या क्वार्टरमधली ही बाई, सव्वीस वर्षांचा शेजार. आम्रपाली तिच्याच अंगणात खेळून मोठी झालेली.

“रुक्मा तर माही बहीणच हाये,” मथुरा म्हणाली. “दर सणाले तिचा डबा आमच्या घरी येतेच.”

रुक्मा टोपली घेऊन दारात उभी होती. ती तडक आत आली आणि तिने मथुराच्या हातातलं हेल्मेट काढून घेतलं.

“डबा येते, पण खाते कोण? तुह्या मागच्या दारी तो खायले गाय उभी राह्यते, मले दिसत नाही का? सांग, आमच्या जातीच्या हातचा एकदा तरी तू खाल्ला?”

तिने हेल्मेट मथुराच्या मांडीवर आदळलं.

म्हणजे हे सगळं आईला ठाऊक होतं! आणि तरी सव्वीस वर्षं ती डबा भरत राहिली! क्षणभर आम्रपालीला मथुरापेक्षा आईचाच जास्त राग आला.

मथुराने मान खाली घातली. “नाही खाल्ला. सासू होती तवा तिच्या धाकानं. ते गेली, मंग... मंग सवयीनं.”

शालिकराम लगबगीने उठले. “चला, छान चर्चा झाली. चहा घेऊ.”

“खाली बसा!” आम्रपाली कडाडली. “हेल्मेट तुमच्या हातात नाही!”

ते परत बसले. मथुरा डोळे पुसत उठली आणि तिने टोपलीकडे हात नेला. पाठीमागे कोणीतरी मोबाईल उचलला.

रुक्माने टोपली मागे ओढली.

“इथं नको. चार लोकाईसमोर एक घास खाऊन मोकळी होशीन, अन् त्याचाबी फोटो निघन. उद्या घरी ये, मथुरा. कोणी पाह्यत नसन, तवा खाजो.”