दुसऱ्या हाताच्या गाठी

माझा स्वभाव तसा तापटच. कॅम्पातल्या, नजर कमी झालेल्यांना शिकवणाऱ्या केंद्रात राजेश्वरी मॅडम माझ्या यजमानांकडं बघून म्हणाल्या, "यांची मधली नजर गेलीय, कडेची शाबूत आहे. ती वापरायला शिकवू. पण तुम्ही मदत करायची नाही." मी मनात म्हटलं, या बाईनं संसार केलेला दिसत नाही.

माझे यजमान नागराज वडगावात तीस वर्षं माग चालवतात. मॅडमनी त्यांना मान किंचित वळवून बघायला शिकवलं, ताण्याच्या पांढऱ्या उभ्या धाग्यांखाली काळं कापड लावायला सांगितलं, थोड्या थोड्या वेळानं माग थांबवून तळहातानं तुटलेले धागे शोधायला लावले. महिन्यानं मॅडम तपासणी करणार; जमलं तर माग, नाहीतर दुसरं काम शिकायचं. हे ऐकल्यापासून दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

मग मी काय करणार? तासातासाला चहाच्या निमित्तानं त्यांना बाहेर बसवायची आणि राहिलेले धागे झटपट सांधायची. ते खुशीत असायचे.

"मंजू, एकबी धागा सुटला न्हाय गं!"

मला रडू यायचं, तरी मी होला हो करत राहिले.

तपासणीच्या आदल्या दिवशी मागावरून विणलेली साडी उतरवताना त्यांची बोटं थांबली.

"ही गाठ माझी न्हाय."

ते गाठीची टोकं दातानं तोडतात. मी माहेरी शहापुरात शिकले तशी लांब ठेवते. घाईत ते ध्यानातच आलं नव्हतं. त्यांनी अख्खी साडी चाचपली.

"कवापास्नं?"

"पैल्या दिसापास्नं."

ते ओरडले असते तर मीही ओरडले असते. पण ते हळूच म्हणाले, "मला जमतंय का न्हाय, हेबी तू मला कळू दिलं न्हाईस." मला फार शरम वाटली.

थोड्या वेळानं त्यांनी मला मागाशेजारी बसवलं. "इचारल्याबिगर बोलायचं न्हाय."

माग सुरू झाला. चार बोटांच्या अंतरानं दोन धागे तुटले. मी हात पदरात दाबून धरले. वीतभर कापड विणून झाल्यावर त्यांनी माग थांबवला, मान वळवली, तळहात फिरवला. एक धागा सापडला. तो सांधून टोक तोडताना चेहरा खुलला होता.

"खरं सांग, आनी एखादा हाय का?"

दुसरा तसाच लोंबत होता.

"हाय. एक."

त्यांचं हसू मावळलं. हात मागावरून खाली आला, आणि तो धरायची माझी हिंमत झाली नाही.