रांगेच्या टोकाचे बॅरिकेड

मित्रांनो, मला गर्दीची भीती वाटते. हसू नका. गर्दी अडवणे हेच ज्याचे काम, त्यानेच असे म्हणावे हे विचित्र आहे खरे. मी एक जुने लोखंडी बॅरिकेड आहे. उंची माणसाच्या छातीपर्यंत, अंगावर पिवळ्या-काळ्या पट्ट्या, खाली दोन पसरट पाय. माझ्या एका बाजूला दोन आकडे आहेत, दुसऱ्या बाजूला दोन कड्या. माझे आकडे शेजारच्याच्या कड्यांत बसवले की आमची भिंत तयार होते. ती सोडवायची तर मला सरळ वर उचलावे लागते. मला जितके ढकलाल तितके ते आकडे आणखी घट्ट बसतात. या एका गोष्टीपायी पुढे काय झाले, तेच तुम्हाला सांगायचे आहे.

माझा जन्म पेणच्या एका वेल्डिंगच्या दुकानात झाला. अंगावर ठिणग्या उडत होत्या आणि माझे पाईप एकमेकांना जोडले जात होते. ते मला अजून आठवते. मग श्रीवर्धनच्या शिवदासशेठ मंडपवाल्यांनी मला माझ्या भावंडांसकट टेम्पोत घातले. तेव्हापासून मी लग्ने पाहिली, जत्रा पाहिल्या, क्रिकेटचे सामने पाहिले. पण माझे मन रमले ते कीर्तनात.

चौलच्या देवळापुढे दरवर्षी कीर्तन सप्ताह बसतो. तिथे बुवांना यायला वाट राहावी म्हणून आम्हाला उभे करत. लोक आमच्यावर ओले पंचे वाळत घालत, लहान मुले आमच्या पायांवर बसून पेंगत. तुळशीरामबुवा मोठे प्रेमळ. ते अभंगाची एक ओळ म्हणत, तीच पुन्हा म्हणत, टाळकरी ती उचलून धरत, आणि मग बुवा तिचा अर्थ असा उलगडत की माझ्यासारख्या लोखंडालाही पाझर फुटावा. कुणी उशिरा आले तर बसलेले लोक गुडघे आखडून जागा देत. बुवा मध्येच थांबून म्हणत, "माउली, पुढच्याच्या पाठीला डोळे नसतात हो. तुम्हाला दिलेत ना देवाने? ते वापरा." सगळे हसत आणि सरकून बसत. शिवदासशेठांची तिथे एक पद्धत होती. रांगेच्या टोकाचे बॅरिकेड ते आकड्यांत अडकवत नसत. ते नुसते सुतळीने बांधत. वेळ आली तर एका हिसक्यात सुटावे म्हणून.

यंदाच्या थंडीत श्रीवर्धनच्या किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात गाण्याचा मोठा कार्यक्रम ठरला. पनवेलची आरोही नावाची मुलगी गिटार घेऊन ब्लूज-रॉक या पाश्चात्त्य ढंगाची गाणी गाते. तिच्या गाण्यांचे तरुण पोरांना वेड आहे. दुपारी तिचा सराव चालू होता तेव्हा मी कान देऊन ऐकले. एक ओळ, तीच ओळ पुन्हा, आणि तिसऱ्या ओळीत उत्तर. मला वाटले, अरे, हे तर आपल्या बुवांसारखेच चालले आहे! दुःख सांगायचे, पण रडत बसायचे नाही. मी अगदी खूश झालो.

पण ती खुशी टिकली नाही. शहरातून आलेल्या सुरक्षेच्या साहेबांनी आमच्या दोन ओळी लावून एक अरुंद बोळ केला. एक ओळ जांभ्या दगडाच्या गडग्याला, म्हणजे कुंपणाच्या भिंतीला, चिकटून, दुसरी समोरच्या अंगाला, आणि बोळाच्या टोकाला आडवा मी. माझ्या पलीकडे झडतीचे टेबल. शिवदासशेठांचा माणूस सवयीने सुतळी घेऊन आला.

साहेब हसले. "सुतळी? हे काय सत्यनारायण आहे का? आकडे लाव दोन्ही बाजूंनी. मागच्या कार्यक्रमात फुकटे घुसले होते."

दोन्ही बाजूंचे आकडे बसले. माझ्यापाशी निकेत नावाचा रक्षक उभा राहिला. दोन मुलींचा बाप, मऊ आवाजाचा. त्याला हुकूम होता, टेबलावरची झडती उरकली की मला उचलून थोडी माणसे आत घ्यायची आणि लगेच बंद करायचे.

उन्हातच रांग लागली. बोळाच्या तोंडाशी पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, डबे काढून घेत होते आणि झडतीच्या टेबलामागे नेऊन त्यांचा ढीग करत होते. कोळीवाड्यातून आलेल्या भागुबाईंची तर मिश्रीची डबीसुद्धा घेतली.

"आवं दादा, मिश्री हाय ती! हिच्यानं काय बाँब फुटतंय?"

"मावशी, नियम आहे."

"नियम हाय तं तूच दात घास माझं!"

सगळी रांग हसली. भागुबाईंच्या पुढेच त्यांच्या शेजारचा विनेश होता, मासेमारीच्या होडीवर काम करणारा. त्याच्यापुढे त्याची धाकटी बहीण कल्पिता. ती म्हसळ्याच्या कॉलेजात शिकते. तिला आरोहीची सगळी गाणी पाठ.

"दादूस, पयलं गाणं चुकलं तं तुज्याशी बोलणार न्हाय मी," ती म्हणत होती.

"अगं बाय, तिला निरोप धाडू काय, कल्पिता येईपर्यंत थांब म्हून?"

ऊन कलले. झडती फारच सावकाश चालली होती. खिसे, मोजे, केसांतल्या पिनासुद्धा बघत होते. मागे बोळ भरत गेला. तहानलेले लोक चिडचिड करू लागले. कल्पिता आता माझ्या अगदी पुढे होती, तिचे दोन्ही तळवे माझ्या वरच्या पाईपवर. आणि तेवढ्यात आत गिटार वाजली.

मित्रांनो, लोक वाईट नव्हते. त्यांना फक्त गाणे ऐकायचे होते. पहिला सूर कानावर पडताच मागच्या प्रत्येकाने एकच पाऊल पुढे टाकले. पण ती सगळी पावले मिळून पुढे आली ती कल्पितावर. तिची छाती माझ्यावर दाबली गेली. तिच्या हृदयाचे ठोके माझ्या पाईपमधून मला ऐकू येत होते. ते पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. मी इतका घाबरलो की काय सांगू! मी तिला दुखवायला नव्हतो हो, मी तर नुसता उभा होतो. पण चिरडणारे लोखंड माझेच होते.

"उघडा... श्वास..." एवढेच ती बोलली.

निकेतने मला धरून वर ओढले. मी हललो नाही. माझे आकडे कड्यांत करकचून बसले होते. त्याने दुसऱ्यांदा ओढले. त्याच्या बोटांतून रक्त आले. त्याने वॉकी-टॉकीवर साहेबांना हाका मारल्या. उत्तर नाही. "मागे व्हा! अहो मागे व्हा!" तो किंचाळत होता. पण मागच्यांना ते ऐकूच जाईना. त्यांच्या कानांत ढोल आणि गिटार होती, आणि पुढच्यांच्या पाठी तेवढ्या दिसत होत्या.

विनेशने बहिणीच्या दोन्ही बाजूंनी हात लांब करून मला धरले होते. पाठीवर सगळ्या गर्दीचे ओझे घेऊन तो तिच्याभोवती थोडीशी जागा राखत होता. कल्पिताचे ओठ काळेनिळे पडले. तिची मान माझ्यावर कलली. पाखराचे पंख मंदावले. मी देवाचा धावा सुरू केला. बुवांच्या तोंडून ऐकलेली जेवढी नावे आठवली तेवढी घेतली.

"भागूकाकी," विनेश धापा टाकत म्हणाला, "होडी वढाची हाय. वरड."

भागुबाईंना एका क्षणात कळले. कोळीवाड्यात होडी पाण्यातून वाळूवर घेताना सगळे दोर धरतात आणि एकाच्या हाकेवर मागे मागे सरकतात. तिथे कुणी का म्हणून विचारत नाही. हाक आली की पाय आपोआप मागे जातो.

"हेऽऽऽ..." विनेश ओरडला.

"हैसा!" भागुबाईंचा आवाज बाजारात कमावलेला. गाणेसुद्धा फिके पडले.

पहिल्यांदा दोघा-चौघांनीच साथ दिली. दुसऱ्या हाकेला बोळाच्या मध्यातून आवाज आला, कारण त्या रांगेत कोळीवाड्याची कितीतरी पोरे होती. न बघता, न समजता त्यांचे पाय मागे गेले, आणि पाठींनी मागच्यांनाही मागे रेटले. "हेऽऽऽ... हैसा!" तिसऱ्या हाकेला माझ्यावरचा भार कमी झाला. आकडे कड्यांत सैल वाजले. निकेतने मला उचलून बाजूला फेकले आणि कल्पिता वाळूवर कोसळली.

ती हलत नव्हती. विनेश तिच्या गालावर थापा मारत होता. "कल्पू! ए कल्पू! बोल की गं!" भागुबाई तिचे तळपाय चोळत होत्या. निकेतने जप्त केलेल्या बाटल्यांच्या ढिगातून हाताला लागली ती बाटली उघडली आणि तिच्या तोंडावर पाणी मारले. मी तिथेच वाळूत आडवा पडून बघत होतो. तो वेळ मला सबंध सप्ताहाएवढा लांब वाटला.

मग तिला मोठा ठसका आला. ती रडू लागली. मित्रांनो, त्या रडण्याइतके गोड गाणे मी कधी ऐकलेले नाही.

आरोहीला कुणीतरी खूण केली असावी. गाणे थांबले. तिने माईकवरून सगळ्यांना खाली बसायला सांगितले. सगळे बसले, बोळातलेसुद्धा, जसे कीर्तनाला बसतात तसे. कल्पिताला दवाखान्यात नेले. तिच्या दोन बरगड्यांना मार बसला होता, पण ती बरी आहे. साहेब मागाहून आले आणि निकेतला म्हणाले, "कुणाच्या परवानगीने उघडलंस?" निकेत आपल्या सोललेल्या बोटांकडे बघत राहिला.

माझा वरचा पाईप वाकला आहे. मी आता शिवदासशेठांच्या गोदामात भिंतीला टेकून आहे. ते म्हणतात, हातोड्याने सरळ करू, चालेल अजून. मला सरळ करा, रंग द्या, नाहीतर भंगारात घाला. माझी तक्रार नाही. पण भीती मात्र गेलेली नाही. बाहेर टेम्पो थांबला की माझे आकडे आपोआप थरथरतात.

म्हणून तुम्हाला एवढीच विनवणी. उद्या तुम्ही मोठे व्हाल, जत्रा भरवाल, गाण्याचे कार्यक्रम कराल. तेव्हा आम्हाला जरूर उभे करा. शिस्त हवीच. पण मला अडकवण्याआधी माझ्या मागे नका थांबू. माझ्या पुढे या, जिथे कल्पिता होती तिथे. माझ्या पाईपवर छाती टेकवा, डोळे मिटा, आणि मागे सगळा गाव उभा आहे असे समजा. मग ठरवा, आकडा लावायचा की नाही.