एकाच वावराचे दोन फोटो

मित्रांनो, मी एक जुना लाकडी कॅमेरा आहे. पेटीला कुलूप असले तरी माझ्या तोंडाला नाही. पुढे पितळी कड्यात बसवलेली काच, मागे घड्यांचा चामडी भाता आणि खाली तीन पाय, एवढाच माझा संसार. त्यातले पाय आता दुसऱ्याच खोलीत पडले आहेत आणि भात्याला झुरळांनी भोके पाडली आहेत. बाहेर पुन्हा लढाई पेटली आहे म्हणे. माझ्या मापाच्या, फोटो उमटवायच्या काचा विलायतेहून येणे बंद झाले, आणि मला या लोखंडी पेटीत कोंडून टाकले. अंधाराचे मला वावडे नाही, अंधार पोटात घेऊनच मी जन्मलो. पण मधून मधून उजेडाचा एक घोट मिळाला नाही, तर माझाही जीव गुदमरतो.

आगगाडीने मलकापूर आणि तिथून बैलगाडीने घाट चढून मी चिखलीला आलो, तो भगवंतराव फोटोवाल्यांकडे. माणूस सज्जन, हात हलका. नाद मात्र एकच, डोंगराचा. गिऱ्हाईक खुर्चीवर बसून मिशीला पीळ देत असे, आणि आमच्या धन्याचे डोळे खिडकीबाहेर. बाजाराला निघालो की वाटेतच गाडी थांबायची.

"भगवंतराव, टेकडी काही पळून नाही जाऊन राह्यली," गाडीवान कुरकुरायचा. "तिचा फोटो इकत तरी कोन घेईन?"

"कोनीच नाही घेत, म्हनून तं मले काढा लागते," हे त्यांचे ठरलेले उत्तर.

त्यांची कामाची एक पद्धत होती, ती समजून घ्या. जवळचा दगड आणि दूरची टेकडी दोन्ही स्वच्छ यावीत म्हणून ते माझ्या डोळ्याचे भोक अगदी बारीक करत. मग उजेड थेंबाथेंबाने आत येई. डोळ्यावरची टोपी काढून वीस म्हणेपर्यंत थांबावे लागे. झाडाला, दगडाला त्याचे काय? ती उभीच असतात. पण माणूस मध्येच बाजूला झाला, तर माझ्या काचेवर तो उमटतच नसे.

तेव्हा समुद्रापलीकडे, इराकात, बसऱ्याची लढाई चालली होती. अमडापूरच्या गोजरबाईंचा एकुलता एक मुलगा शेषराव खच्चरांच्या पलटणीत भरती होऊन तिकडे गेला होता. इकडे सगळी वाळूच वाळू, आपले वावर आता डोळ्यांपुढे येत नाही, असे त्याने घरी कळवले. घरात कर्ते म्हणजे गोजरबाईंचे भासरे, म्हणजे थोरले दीर, उकंडराव. त्यांनी भगवंतरावांना बोलावून घेतले.

"माहा एकटीचा फोटो नोका काढू," गोजरबाईंनी आधीच बजावले. "भिंतीवर फोटो लागते थो मेलेल्याचा. वावराचाच काढा. मी आपली हिरीपाशी उभी राहीन."

भगवंतराव हरखलेच. वावराचा फोटो काढा असे सांगणारे गिऱ्हाईक त्यांना जन्मात पहिल्यांदाच भेटत होते. समोर विहीर, शेजारी मोठी बाभूळ, मागे कपाशी आणि पलीकडे देवीची टेकडी. गोजरबाई विहिरीपाशी ताठ उभ्या राहिल्या. टोपी निघाली. एक हात घड्याळावर आणि डोळे टेकडीवर ठेवून भगवंतराव आकडे म्हणू लागले, आणि नेमके तेव्हाच धुऱ्यावरून, वावराच्या बांधावरून, उकंडराव आले.

मित्रांनो, भासरे समोरून येत असताना लहान भावाच्या बायकोने उभे राहायचे नाही, हा तिथला रिवाज. गोजरबाईंनी तो लग्नापासून पाळला होता. त्यांनी पदर ओढला आणि त्या चटकन बाभळीमागे झाल्या. उकंडराव पुढे निघून गेले, तशा त्या परत जागेवर आल्या. तेवढ्यात भगवंतरावांनी "वीस" म्हणून टोपी लावली. कुणाला काही कळले नाही. मला तरी सांगता कुठे येत होते?

फोटो छापून झाला. टेकडीवरचा धोंडा न् धोंडा दिसत होता. गोजरबाईंनी जन्मात फोटो पाहिला नव्हता. मोटेच्या बुटक्या खांबावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे मी काय?" भगवंतराव टेकडीच पाहत होते. ते म्हणाले, "हाव." झाले! फोटो पाकिटात गेला. सोबतच्या चिठ्ठीत उकंडरावांनी लिहवून घेतले की माय विहिरीपाशी उभी आहे, तिला डोळे भरून पाहून घे.

पुढच्या उन्हाळ्यात गोजरबाई दुकानात आल्या त्या तणतणतच. उकंडराव बाहेर गाडीशी थांबले होते. बाईंच्या मागे एक लंगडणारा जवान होता, साखरखेर्ड्याचा पुंजाजी. पायात गोळी लागल्यामुळे तो शेषरावच्याच पलटणीतून घरी परतला होता.

"मले जितीजागती मारून टाकलं हो तुमच्या डब्ब्यानं!" बाईंनी माझ्याकडे बोट केले.

पुंजाजीने सगळे सांगितले. "मी यायच्या घरी दुखवट्याले गेलतो. दार उघडलं तं म्हातारीनंच. पानी देल्लं, अन् मलेच इचारते, कोन गेलं बाप्पा? आता काय सांगू हिले? शेषरावनं फोटो पाह्यला. वावर वळखलं, हीर वळखली, माय कुठीच नाही. थो म्हने, माय गेली अन् घरचे लपवून राह्यले. नदीवर बसून डोकं भादरलं त्यानं."

"पत्र टाका ना, माय खुशाल हाय म्हनून," भगवंतराव चाचरत म्हणाले.

"कागदावर तं सारेच खुशाल असतात," पुंजाजी म्हणाला. " दूरच्या मानसाले मरनाचं कोन कळवते? आता थो म्हनते, लढाई सरली का तिकडंच राहीन. घरी कोन हाय माहं?"

गोजरबाई म्हणाल्या, "पोरानं तिलांजली देल्ली मले. देऊ दे, आयुष्य वाढते म्हंतात. पन थोच घरी नाही आला, तं त्या वाढलेल्या आयुष्याले काय जाळू मी?"

भगवंतरावांनी काचांची पेटी उघडली. आत एकच काच उरली होती. विलायतेची जहाजे लढाईत गुंतलेली, दुसरी कधी येईल याचा पत्ता नव्हता. ती त्यांनी टेकडीवरच्या सकाळच्या उन्हासाठी जपून ठेवली होती. "खुर्चीवर बसा," ते म्हणाले. "इथंच काढतो."

"खुर्चीवरचा काहाले?" बाई म्हणाल्या. "थो म्हनन, मराच्या आधी काढून ठेवला असन. वावरातच काढा. मोठी बाभूळ तोडली ना औंदा, लढाईच्या गाड्याइले नेली. तिचं खुंट दिसलं का त्याले समजन, हे मांगून काढलं म्हनून."

बोलणे सोळा आणे खरे होते. चेहऱ्याला तारीख नसते, वावराला असते. पण पुढचे खुंट आणि मागची टेकडी दोन्ही ओळखू यायची, तर माझा डोळा पुन्हा बारीक करणे आले. पुन्हा वीस म्हणेपर्यंत थांबणे आले.

दुसऱ्या दिवशी दुपार कलताना आम्ही त्याच जागी उभे होतो. मुलाला तोंड नीट दिसावे म्हणून गोजरबाईंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. पांढरेशुभ्र केस उघडे पडले. टोपी निघाली. सात, आठ. आणि बाजूच्या वाळल्या कपाशीतून, हातात पाण्याची कळशी घेऊन, उकंडराव बाईंच्या कडेला, जरा मागे, माझ्या नजरेत आले. फोटो सुरू झाल्याचे त्यांना ठाऊकच नव्हते.

भगवंतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. ओरडावे, तर बाई हलतील. दडायला आता बाभूळ नव्हती. बाईंची बोटे पदराकडे वळली. मला वाटले, संपले! तिकडे वाळूत मुलगा अडकला, इथे रिवाजात त्याची माय अडकली, आणि माझ्या पोटात ती शेवटची काच. आम्हा तिघांनाही सुटायला वाट नव्हती. पण हात उचलला गेला नाही. भासऱ्यांसमोर डोके उघडे टाकून ती म्हातारी माझ्या डोळ्यात डोळा घालून उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होते, मान मात्र हलली नाही.

उकंडरावांनी एकदा पाहिले आणि ते जागच्या जागी वळले. माझ्याकडे आणि तिच्याकडे पाठ करून, टेकडीकडे तोंड करून, कळशी हातात तशीच धरून ते थांबले. वीस झाले तरी हलेनात.

"झालं काय हो?" त्यांनी टेकडीलाच विचारले. "तिले म्हना, पदर घे अन् घरी जाय."

फोटो गेला. भगवंतराव मात्र हळहळत राहिले. एवढी एकच काच, आणि तिच्यात मध्येच कुणाची तरी पाठ! त्या फोटोला उत्तर आलेच नाही. लढाई संपली, गावोगावचे जवान परतले, तरी शेषरावचा पत्ता नाही. गोजरबाई प्रत्येक बाजारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसत आणि बाजार उठला की निघून जात. ते दिवस मला या पेटीपेक्षाही जड गेले.

आणि एका बाजारी पायरीवर दोघे दिसले. गोजरबाई आणि उन्हाने काळवंडलेला एक उंच माणूस. त्याने आत येऊन भगवंतरावांचे पाय धरले.

"दवाखान्यात पडून होतो तिकडं, हात चालत नोता," शेषराव म्हणाला. "फोटो पोचला, खुंटही पाह्यलं."

"मायचा चेहरा नीट आलता ना?" भगवंतरावांनी विचारले.

"चेहऱ्याचं मले खरं नाही वाटलं. म्हटलं, हे फोटोवाले काहीबी जोडतात. पन मोठेबाबा, मायचे भासरे, पाठ करून उभे हायेत ना! मेलेल्या मानसाले पाठ कोन करते? म्हटलं, माय समोर उभी हाय, जितीच हाय."

मित्रांनो, भगवंतराव गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. गोजरबाईही गेल्या, या वेळी खऱ्या. काचा मिळत नाहीत म्हणून दुकानातले लोक जुन्या काचा गरम पाण्यात टाकून खरवडतात आणि खिडक्यांना बसवतात. त्यांची अडचण मला समजते. माझे मागणे एवढेच आहे, की खरवडण्याआधी प्रत्येक काच एकदा उजेडाकडे धरून बघा. काचेवर सगळे उलटे उमटते, पांढरे ते काळे आणि काळे ते पांढरे. एखाद्या काचेवर काळ्याभोर केसांची एक बाई तुमच्याकडे टक लावून पाहताना दिसली, तर ती मात्र राहू द्या.