आत्याला नाकारलेली दहा पिल्लं

पंजा अजून गरम होता. पिवळा, ओलसर, तीन बोटं पुढे, एक मागे, टोकाला कणीएवढी नखं... तो चिमटीत धरून लोसालिने कितीतरी वेळ उकिडवी बसली होती. कोंबडीचं पिल्लू उताणं पडलं होतं. पोट भरलेलं, बूड स्वच्छ. काल संध्याकाळी हेच बाकीच्यांना तुडवत दाण्यावर तुटून पडलं होतं. मरत होती ती अशीच, धष्टपुष्ट; मरतुकडी मात्र ठणठणीत. शंभर पिल्लं बोटीतून बेटावर उतरली त्याला आज बारावा दिवस, आणि हे एकतिसावं.

उबेचा दिवा खाली घेऊन झाला, वर घेऊन झाला. पाणी उकळून गार केलं. पत्र्याच्या रिंगणाला वाऱ्याच्या बाजूने गोणपाट बांधलं, मग गुदमरत असतील म्हणून सोडलं. शेतकी खात्याचा माणूस आला, दोन पिल्लं चिरून पाहिली, हात धुतले आणि म्हणाला, होतं असं कधी कधी. होतं असं! हे ऐकायला त्याला कशाला बोलवायचं होतं?

गावाला मात्र सगळं ठाऊक होतं. पिल्लं आली त्या दिवशी सेइनी आत्या खोक्यात डोकावली होती – वडिलांची थोरली बहीण, म्हणजे वडिलांहूनही वरची, जिच्या पावलांचा आवाज आला की वडील अजूनही मागच्या दाराने बाहेर पडतात – आणि म्हणाली होती, "मोठी झाली की दहा माझी. नातवाचा पहिला वाढदिवस आहे." आणि लोसालिने चार माणसांदेखत नाही म्हणाली होती. आत्याला कुणी नाही म्हणतं? इथल्या रीतीने आत्या मागत नसते, आत्या नेते. आणि आत्या रागावली की भाचीच्या घरात काहीतरी मरतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत...

लोसालिनेला आठवली ती चटई. आईने आठ महिने विणलेली, बारीक विणीची – बोटांची सालं निघालेली, पाठ वाकलेली – आत्याने माझ्या लग्नात उचलली, घडी घातली, नेली. आई हसली होती. चटई गेली तर गेली, पण ते हसू... ते माझ्या तोंडावर कधी येऊ देणार नाही, असं मी तेव्हाच ठरवलं होतं.

चर्चची पहिली घंटा झाली. रविवार. आज सबंध बेटावर कुणी काडी इकडची तिकडे करणार नव्हतं आणि लोसालिनेने फावडं घेऊन ओला भुसा उपसायला सुरुवात केली. नवरा विलिसोनी काळे कपडे करून, चर्चला जाताना सगळेच गुंडाळतात तशी कमरेला चटई गुंडाळून दारात उभा राहिला.

"जाऊन ये ना एकदा आत्याकडे. गुडघे टेकलेस तर झिजणार आहेत का?"

"तुझे टेक. तुझे तसेही रिकामेच असतात."

नवरा मान हलवत निघून गेला. तिला बरं वाटलं. मग फावड्याचा आवाज जरा जास्तच मोठा काढला तिने.

"रविवारी फावडं?"

कुंपणापाशी सेइनी आत्या उभी होती, हातात बायबल.

"पिल्लांना रविवार कळत नाही, आत्या."

"जीभ तेवढी माझ्या आईची घेतलीस." आत्या आत आली आणि चक्क पालथ्या बादलीवर बसली. "किती गेली?"

"एकतीस."

आत्याने रिंगणात वाकून पाहिलं. मग एकदम हळू आवाजात म्हणाली, "मी काही केलं नाही गं. देवाशपथ. राग आला होता, दोन दिवस होता. मग विसरले."

"मग गावाला सांगा तसं."

"ऐकणार कोण? परवा दुकानात शिरले तर बाया पोरांना पाठीमागे ओढत होत्या. मला बघून!" आत्याने बायबल मांडीवर घट्ट दाबलं. "चल माझ्याबरोबर. सगळ्यांसमोर माझ्या पायाशी बस, मी तुझ्या डोक्यावर हात ठेवते. मिटेल सगळं. मला दहा नकोत, एकही नको."

सोपं होतं. किती सोपं... जायचं, बसायचं, आणि आईसारखं हसायचं. बारा दिवस ती जिच्याशी मनात भांडत होती ती बाई हीच का? ही तर दुकानातल्या बायांना घाबरत होती.

"आणि मरायची थांबली नाहीत तर?"

आत्या खाली पडलेल्या पिल्लाकडे बघू लागली.

"आणि थांबली तर, आत्या? मग ही एकतीस तुम्हीच मारलीत असं ठरेल. उद्या कुणाचं मूल आजारी पडलं तरी तुमच्याच दारात येतील."

आत्याने वर पाहिलं. एवढं म्हातारं तोंड लोसालिनेने तिचं कधी पाहिलं नव्हतं. आत्या उठली, कमरेची चटई सारखी केली आणि चर्चच्या वाटेला लागली – सावकाश, एकटीच. लोसालिनेला तिला हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

चर्चमध्ये गाणं सुरू झालं; पुरुषांचे जाड आवाज, त्यांच्यावर बायकांचे. आता सगळी तिथे बसून तिची रिकामी जागा बघत असतील. बघू देत. विचारलं तर सांगेन, पिल्लं कशाने मरतात ते मला माहीत नाही. बारा दिवस हे म्हणायची लाज वाटत होती, जणू तो गुन्हाच... माहीत नाही! तुम्हालाही नाही, पाद्रीबाबालाही नाही. उद्या बत्तिसावं मेलं तरी मी कुणाच्या पायाशी बसणार नाही आणि कुणाचं नावही घेणार नाही.

तिने कोरडा भुसा ओतला, हाताने पसरला. एक गुबगुबीत पिल्लू धावत येऊन तिच्या बोटाला चोच मारून गेलं आणि ती त्याच्यामागे नजर फिरवत राहिली; मरत होती ती अशीच. भीती गेली नव्हती. पण ती आता फक्त पिल्लांसाठी होती.